रकाना अकरा

पत्र्याच्या ऑफिसात कूलर नुसताच गरगरतोय,
त्यातलं पाणी सकाळीच संपलं.
पंजाब ठोंबरेंच्या वतीने मी अर्ज भरतोय :
महामार्ग बांधणीत डिजिटल तंत्रज्ञान स्वीकारणाऱ्या
लहान कंत्राटदारांस अर्थसहाय्य.
साठ टक्के सरकारचे, चाळीस आपले,
आणि आपले आधी.

पॅन टाकला. जीएसटी टाकला.
ग्रेडरच्या पात्यावर बसवायच्या यंत्राचं कोटेशन,
रोव्हरचं, ड्रोनचं,
रद्द केलेला चेक, तोही तीनशे केबीच्या आत.
दहा रकाने बिनबोभाट हिरवे झाले.

अकरावा म्हणतो : जुनी पद्धत. वर्णन करा.
पन्नास अक्षरांत.

मी खिडकीतून जुन्या पद्धतीकडे बघतो.
ती बाभळीखाली बसून तंबाखू मळते आहे.
नाव दौलत कुमरे.
बावीस वर्षं स्टाफ धरतो,
म्हणजे चार मीटरची ती लाल-काळ्या खुणांची पट्टी,
ओळंब्यात उभी; हलली की शिवी.

टाइप करतो :
दौलत पट्टी धरतो, साहेब दुर्बिणीतून वाचतात.
काना, मात्रा, वेलांटी, सगळं मोजून
पोर्टल म्हणतं बेचाळीस.
आठ शिल्लक.

बसलं की.
पण जुन्या दुर्बिणीत चित्र उलटं यायचं, ते?
दारव्ह्यापासून अडाणच्या पुलापर्यंत
कितीतरी साहेबांनी दौलतला पाहिलं ते
डोकं खाली, पाय आभाळात,
आणि त्याच आकड्यांवर रस्ते सरळ झाले.
मे महिन्यात काळ्या मातीला हात जाईल एवढी भेग पडते,
पट्टी कुठल्या ढेकळावर टेकायची नाही
हे त्याची टाच ठरवते.
टाचेला किती अक्षरं?

परवा तेजल निनावे मॅडम रोव्हर घेऊन आल्या, डेमोला.
बारा उपग्रह सापडले, नेटवर्क मात्र तलावाच्या पाळीवरच.
उंची निघाली, आणि आम्ही सगळे
साठेक मीटर खाली गेलो :
गाव, शाळा, बसथांबा, चहाची टपरी, सगळंच.
मॅडम हसल्या. म्हणाल्या, उपग्रहाचं शून्य वेगळं,
समुद्राचं वेगळं. एक पक्का बिंदू हवा, जुना.
नकाशात होता, जुन्या मोरीच्या कठड्यावर.
कठडा मुरमाखाली गेलेला.

दौलत उठला. पळसापासून पावलं मोजत गेला,
एका जागी थांबून टाच आपटली.
"अठीसा हाय. म्याच तं रंगोला होता
मांगच्या दिवायीले."
कोणी सांगितलं होतं रंगवायला?
"कोनी नाई."
दोन घमेली मुरूम काढला,
खाली दगडात कोरलेला बाण, पिवळा.

मग मॅडमनी रोव्हरची काठी त्याच्याच हातात दिली.
त्याने वरच्या पांढऱ्या टोपीकडे पाहिलंच नाही,
खाली वाकून काचेतला थेंब बघितला,
मधोमध आणला, श्वास धरला.
"बुडबुडा तं थोच हाय, बाई."

फोन वाजतोय. पंजाबभाऊ.
"झालं का? पंधरा मिनिटात लॉगआउट होते थे."
होतंय, भाऊ.
उरलेल्या आठात काय मावेल ते शोधतोय.
आधी एक मोकळी जागा. मग तीन. पुन्हा मोकळी जागा. पुन्हा तीन.
उभा आहे
पन्नास. पूर्णविरामाला जागा उरली नाही.

रकाना हिरवा झाला.
बारावा उघडला : कमी होणारे मनुष्यबळ. संख्येत लिहा.
भाऊ म्हणतात, "दोन लिही. जास्त लिहिलं तं गुण जास्त भेटतात."

बाहेर ग्रेडर सुरू झाला.
कर्सर लुकलुकतोय.
दौलत तंबाखू झटकून उठतो,
आणि काठी कुठे ठेवली ते
मलाच विचारायला येतो.